रॅम्पवरची हाक

“ती येईनात रं माझ्याकडं आता,” आई म्हणाली, आणि चहात बुडवलेला टोस्ट माझ्या बोटांतून निसटून कपात पडला. झालं ते एवढंच. रविवारची सकाळ, ताथवड्यातला आमचा फ्लॅट, खाली पोह्यांच्या गाडीभोवती कॉलेजची पोरं, आत भाग्यश्री, माझी बायको, मशीनला कपडे लावत होती. आई बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. नवी कवळी काढून तिनं स्टीलच्या वाटीत ठेवली होती आणि वाटीकडं रागानं बघत होती. “मी हाक मारते तर भिताडाला जाऊन चिकटतात. काल एकानं माझ्या हातातली वैरण बघितली अन् मान फिरवली. ह्या कवळीनं माझा आवाज बदललाय का रं, बुद्धा? खरं सांग.” मी चमच्यानं टोस्टचा लगदा काढत बसलो. खरं सांग म्हटल्यावर कपात बघण्यासारखं पुष्कळ असतं. मग म्हणालो, “हो आई, कवळीमुळंच असेल. होईल त्यांना सवय.” आणि माझं मलाच जाणवलं की हे मी जरा जास्तच पटकन म्हणालो.

ती म्हणजे आमचे रेडे. आधीच सांगून टाकतो, कारण हे सांगायला गेलं की लोकांची तोंडं बघण्यासारखी होतात. मी, बुद्धरत्न, चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत कामाच्या पद्धती सुधारायच्या खात्यात आहे. माणसाला कमी वाकावं, कमी वळावं, कमी उचलावं लागेल असं काय करता येईल, हे बघायचा मला पगार मिळतो. आणि चाकणच्या पुढं, माझा भागीदार सयाजी, त्याच्या माळावर आमचा दोघांचा गोठा आहे. दुधाचा नाही, मांसाचा. गाय-बैलाला कायद्यानं हात लावता येत नाही, आम्ही लावतही नाही. रेड्याला चालतं. डॉक्टरचा दाखला, परवान्याची गाडी, परवान्याचा कत्तलखाना, सगळं रीतसर. यात लपवण्यासारखं काय आहे? म्हशींच्या तबेल्यात नर पारडू जन्मलं की त्याचं काय होतं ते एकदा जाऊन बघावं. दूध विकायचं असतं, ते पारडाला पाजून कोण घालवणार? त्याला कोपऱ्यात बांधतात आणि विसरतात. मारत कोणीच नाही हं. नुसतं विसरतात. थोड्या दिवसांत ते आपोआप संपतं आणि सगळ्यांचे हात स्वच्छ. त्याच दुधाच्या पिशव्या आमच्या सोसायटीत दारोदार लटकतात, आणि तीच माणसं लिफ्टमध्ये माझ्याकडं बघून नाक मुरडतात. आम्ही ती विसरलेली पारडं आणतो. बाटलीनं पाजतो, मग मका, मुरघास, सरकी पेंड. सुरुवातीला सयाजीनं मार्केटातला सडका कांदा फुकट मिळतो म्हणून घातला होता, त्यांची लघवी लाल झाली, डॉक्टरनं आम्हां दोघांना शिव्या घातल्या. तेव्हापासून कांदा बंद. उन्हाळ्यात फवारे आहेत, लोळायला डबकं आहे. दोन वर्षं पोटभर खातात, मग जातात. मी म्हणतो, यात चुकलं काय? कोपऱ्यात उपाशी मरण्यापेक्षा हे वाईट आहे का? हा प्रश्न मी इतक्यांना विचारलाय की आता कोणी नसलं तरी विचारतो, गाडी चालवताना, अंघोळ करताना. उत्तर कोणी देत नाही, याचाच मला राग येतो.

आईला तिथं मीच नेलं. माझे वडील, अण्णासाहेब, गेल्यावर ती या फ्लॅटमध्ये दिवसभर दाराकडं तोंड करून बसायची. लिफ्ट वाजली की मान वर, लिफ्ट पुढं गेली की मान खाली. एक दिवस कंपनीत जाताना तिला गोठ्यावर सोडली. संध्याकाळी न्यायला गेलो तर ही बाई शेणात फतकल मारून बसलेली, मांडीत पारडाचं डोकं, हातात बाटली, आणि चेहऱ्यावर असं काही की मला तिथंच रडू आलं. त्या रात्री ती पोटभर जेवली. मग रोजचंच झालं. सकाळी सोडायची, संध्याकाळी आणायची. गोठ्यावरचा गडी भिवा, परभणीकडचा, तिला मावशी म्हणायला लागला. ती पारडांना नावं देत नसे, एवढं एक पथ्य तिनं स्वतःहून पाळलं. पण वैरण टाकायची वेळ झाली की फाटकाशी उभी राहून हाक मारायची: “ये रं ये, ये रं माज्या लेका, ये.” पिंपरीच्या चाळीत असताना मला ती अशीच हाक मारायची, जेवायला. अंगणात कितीही रंगात आलेला डाव असो, त्या हाकेला पाय आपोआप वळायचे. तसे ते काळे ढम्म जीव माळाच्या टोकावरून एकापाठोपाठ एक यायचे, घाई न करता, कान हलवत.

आता गाडी भरायचा प्रश्न. हे कोणी विचारत नाही. लोकांना वाटतं, जनावर वाढतं आणि मटण होतं. मधे काही नसतं. मधे रॅम्प असतो. पहिल्या खेपेला व्यापाऱ्याची माणसं आली, शेपट्या पिरगाळल्या, डोळ्यांत मिरचीपूड घातली, एकाचा पाय फळीच्या फटीत जाऊन मोडला. तो मोडका पाय घेऊनही त्याला चढवला. मी घरी येऊन अंघोळ केली, परत केली. कंपनीत जे काम बघून मला पगार मिळतो तेच काम माझ्या स्वतःच्या गोठ्यात इतकं घाणेरडं चाललं होतं. मी रॅम्प नवा बनवून घेतला, चढ कमी केला, पाय घसरू नये म्हणून खडबडीत पत्रा बसवला. तरीही जनावर चढेना. आणि मग पुढच्या खेपेला आईच म्हणाली, “सरका.” हिरव्या मक्याची पेंडी काखेत मारली, रॅम्पवरून आत ट्रकमध्ये गेली, आणि आतून हाक मारली. सगळे तिच्यामागं चढले. एक काठी नाही, एक शिवी नाही. सगळ्यांना बांधून होईस्तोवर ती आत थांबली, प्रत्येकाच्या कपाळावरून हात फिरवला, मग केबिनमागच्या छोट्या दारातून उतरली. व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला, असं उभ्या आयुष्यात बघितलं नाही. मला अभिमान वाटला, राव. लपवून काय करायचं? मला वाटलं, असंच पाहिजे, यालाच म्हणतात काम सोपं करणं. आई मात्र त्या संध्याकाळी जेवली नाही. पुढच्या खेपेलाही नाही. ती जेवली नाही की आमच्या घरात ताटांचा आवाजसुद्धा कोणी होऊ देत नसे.

त्यात तिचे गुडघे. डॉक्टरनं सांगितलं, चढ-उतार बंद. म्हणून मी उपाय काढला, आणि तो आईच्या भल्यासाठीच काढला, हे कोणी कितीही हसलं तरी मी म्हणणार. एका संध्याकाळी गोठ्यावर मोबाईल पुढं धरून तिला म्हणालो, “आई, तू हाक मारतेस ना, ती जरा म्हण. पिंकीला पाठवायचीय.” पिंकी म्हणजे माझी लेक, नागपूरला हॉस्टेलवर असते, आजीची लाडकी. आई लाजली, पदर नीट केला, जसा काही फोटोच काढायचाय, आणि म्हणाली. मी म्हणालो, “आई, अजून एकदा म्हण.” ती अजून एकदा म्हणाली. नंतर दोनदा तिनं विचारलं, पिंकीला आवडला का आवाज. मी म्हणालो, आवडला. मग एक चांगला दणकट स्पीकर घेतला, हाक त्यातल्या कार्डावर भरली, आणि रविवारी ती विहारात जाते त्या वेळेला गाड्या ठरवायला लागलो. पहिली खेप छान गेली. आईला सांगितलं, तू नव्हतीस तरी गेले सगळे, आपणहून चढले. ती म्हणाली, “शहाणी हायत.” सयाजी मात्र त्या दिवशी पानाची पिंक टाकून म्हणाला, “बुद्धा, ह्ये काय मला बरं वाटत न्हाई. बाई घरी अन् बाईचा आवाज हितं.” मी त्याला अडाणी म्हणालो.

दुसरी खेप तशी गेली नाही. ते रॅम्पच्या तोंडाशी आले आणि थांबले. आवाज आतून येत होता आणि आत कोणी नव्हतं. पुढच्यानं मान खाली घालून पत्रा हुंगला, मग वर अंधारात बघितलं. तो किती वेळ बघत होता मला माहीत नाही. मागून व्यापाऱ्याच्या माणसांचा धीर सुटला. काठ्या निघाल्या, शेपट्या पिरगाळल्या गेल्या, एकाच्या नाकातून रक्त आलं, आणि या सगळ्यावर स्पीकर चालूच, “ये रं ये, ये रं माज्या लेका, ये,” परत, परत, तितक्याच मायेनं. तो मोबाईलवरूनही बंद करता येत होता, आणि मोबाईल माझ्याच खिशात होता. मला वाटत होतं, आत्ता चढतील, आत्ता चढतील. शेजारच्या कप्प्यात पुढच्या खेपेचे होते. त्यांनी पाइपांमधून माना बाहेर काढल्या होत्या आणि ते बघत होते. जनावर ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. एकही ओरडलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते आईच्या हाकेला भिंतीशी जायला लागले. आणि माझंही काहीतरी बिघडलं. कंपनीत पत्रा दाबायची प्रेस खाली यायची तर तिच्या प्रत्येक दणक्याला मला ‘ये’ ऐकू यायचं. घरी स्वयंपाकघरातून आई म्हणायची, “बुद्धा, ये जेवायला,” तर माझा पाय क्षणभर जागचा हलायचा नाही. भाग्यश्रीनं हे बघितलं. तिला सगळं माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, “आईंना सांगून टाक. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तुझ्याशी बोलायच्या नाहीत त्या.” आईचं न बोलणं काय असतं ते मला ठाऊक आहे. अण्णांशी ती एकदा दिवाळी ते शिमगा बोलली नव्हती, वाढायची सगळं, पण बोलली नव्हती. या वयात ती माझ्याशी अशी बोलायची थांबली तर परत बोलायला लागेपर्यंत राहील का, असलं काहीतरी माझ्या मनात यायचं आणि मी टीव्ही लावायचो.

आणि त्या रविवारी सकाळी, वाटीतली कवळी परत तोंडात घालत, ती म्हणाली, “आज विहारात न्हाई जात. तुझ्यासंगं गोठ्यावर येते. बघते, माझा आवाज गेलाय का त्यांचे कान.” मी म्हणालो, आज कशाला, ऊन आहे, गुडघे आहेत. ती तोवर लुगडं बदलून चपला घालून दारात. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि सयाजीला फोन लावला. गाडी उद्यावर टाक म्हणालो. “व्हतंय व्हय असं?” तो म्हणाला. “दाखला आजचाच हाय, गाडीवाला निघालाय. अन् आईसाब आल्या तर बरंच की. तुझं त्ये खोक्यातलं भूत आता कोण ऐकतंय?” मी नळ तसाच वाहू दिला. आरशात बघायचं टाळलं.

आम्ही गाडीत बसून निघालो. पुढं कंटेनरांची रांग होती, मधेच कांद्याच्या पिशव्यांचे टेम्पो, कंपन्यांच्या रिकाम्या बसेस. काचा बंद होत्या तरी कांद्याचा वास आत येत होता. आई मांडीवर हात ठेवून सरळ समोर बघत होती आणि मला अण्णा आठवत होते, का कोण जाणे. अण्णा पिंपरीच्या कंपनीत फिटर. गावाची मेलेली जनावरं ओढायचं काम आमच्या आज्याच्या माथी मारलेलं होतं. अण्णांनी तो दोर विहिरीत टाकला आणि पिंपरीची वाट धरली, असं आई सांगते. मी लहान असताना आमच्या चाळीमागं रेल्वेच्या कडेला एक म्हैस मरून पडली. सफाई खात्याचा मुकादम आला, तो सरळ आमच्याच चाळीत, आमच्याच ओळीत. एवढ्या मोठ्या पिंपरीत तो आमच्याच दारात का आला हे मला तेव्हा कळलं नाही. अण्णा नुकतेच शिफ्टहून आले होते, युनिफॉर्म अंगावर. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि म्हणाले, “साहेब, आम्ही ते काम करत नाही.” तो गेल्यावर मला आत ओढलं, दार लावलं, आणि रात्रीपर्यंत युनिफॉर्म न काढता पलंगावर बसून राहिले. म्हैस तिथंच फुगली. वास घरात येत होता, पण अण्णांनी खिडकीही लावू दिली नाही. म्हणाले, येऊ दे वास, आपल्याला त्याचं काही वाटून घ्यायचं नाही. ते असते तर मला गोठा घालू दिला असता का? मी मेलेलं ओढत नाही, अण्णा. मी जिवंत वाढवतो, कोणी हुकूम करतो म्हणून नाही, माझ्या मर्जीनं, माझ्या नावाच्या परवान्यावर. हे मी मनात किती जोरात म्हणत होतो. गोठ्याचं पहिल्यांदा कानावर घातलं तेव्हा आई फक्त म्हणाली होती, “तुज्या आज्यानं मेलेली वढली. तू जिती पाठवणार. बरं.” त्या ‘बरं’चा अर्थ मी अजून लावतोय.

“आज गाडी आहे,” मोशीच्या पुढं मी म्हणून टाकलं. निदान तेवढं तरी.

“मला का न्हाई सांगितलंस?”

“गुडघे.”

“गुडघे माझे हायत.” तिनं गुडघ्यांवरून हात फिरवला. “मागल्या बारीला मी नव्हते तर कशी गेली?”

“आपणहून.”

“आपणहून,” आई म्हणाली. तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं आणि तिथूनच बोलत राहिली, माझ्याशी कमी, स्वतःशी जास्त. “विहारात शील घेताना पहिल्यालाच माझी जीभ अडती. जीव घेणार न्हाई म्हणायचं, अन् आपण तर घ्यायला पाठवतो. म्हणते तरी. पण चौथं म्हणताना अडत न्हाई. खोटं बोलणार न्हाई. मी त्यांना ये म्हणते तवा मी तिथं असते. खायाला बोलवलं तर खायाला असतं. गाडीत बोलवलं तर गाडीत मी असते, शेवटची गाठ बांधंपर्यंत. कुठं चालल्यात त्ये त्यांना ठावं न्हाई, पर मी हाय ह्ये तर खरं असतं ना? एवढंच माझ्याकडं हाय, बुद्धा. जेवण जात न्हाई त्या दिवशी, पर झोप लागती.” मला हॉर्न वाजवावासा वाटला, समोर काही नव्हतं तरी. आत्ता सांग, मी स्वतःला म्हणत होतो, या वळणाला सांग, त्या पुलाला सांग. वळण गेलं, पूल गेला. चाकणच्या चौकात सिग्नल लागला तेव्हा वाटलं, आता सांगतोच, आणि तेवढ्यात सिग्नल सुटला.

गोठ्यावर ट्रक आधीच येऊन रॅम्पला मागचं तोंड लावून उभा होता. व्यापाऱ्याची माणसं सावलीत बसून तंबाखू मळत होती. सयाजीनं आईला पाहून टोपी काढली आणि माझ्याकडं पाहिलंच नाही. ऊन असं की पत्र्याचं छप्पर टकटक वाजत होतं. सगळे रेडे लांबच्या भिंतीशी, ढुंगणं आमच्याकडं, एकमेकांना दाटून. एवढं दाटून उभं राहायचं काही कारण नव्हतं, कप्पा मोठा होता. आईनं मक्याची पेंडी उचलली, फाटकाशी गेली आणि हाक मारली. कोणी हललं नाही. कान मात्र हलले, सगळ्यांचे, एकदम. तिनं कवळी काढून माझ्या हातात दिली, न बघता, आणि परत हाक मारली, तोंडाच्या बोळक्यातून, जुन्या आवाजात, अगदी तिच्या आवाजात. ते भिंतीला आणखी चिकटले. एकाला उभ्या उभ्या लघवी झाली. माझ्या मुठीत ती ओली कवळी होती आणि ती कुठं ठेवावी हे मला कळेना.

“काय केलंय रं कुणी ह्यांना?” आई म्हणाली. कुणाला उद्देशून नाही.

“मावशी, तुम्ही कशाला तरास घ्यायलाव,” भिवा मायेनंच म्हणाला. त्या बिचाऱ्याला काय माहीत? “ऊन बघा किती हाय. ते आणलंय ना साहेबांनी.” आणि मी नको म्हणायच्या आत त्यानं कट्ट्यावरचा स्पीकर उचलून बटण दाबलं. “ये रं ये, ये रं माज्या लेका, ये.” माळभर आवाज गेला. मग त्यातच, मागून, माझा आवाज: “आई, अजून एकदा म्हण.” मी तो कापून टाकायचा आळस केला होता, जनावरांना काय फरक पडतो, असं वाटलं होतं. परत तीच हाक. भिंतीशी एकच कालवा झाला, मागचे पुढच्यांच्या पाठीवर चढायला लागले, शिंगं विटांवर खरडली. आई त्या डब्याकडं बघत होती. हाक दोनदा पूर्ण होईपर्यंत बघत होती.

“बंद कर, बाबा,” ती भिवाला म्हणाली. त्यानं केला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, “पिंकीला पाठवला होतास ना.” तो प्रश्न नव्हता. सयाजी खाली वाकून चपलेची नसलेली पट्टी बांधायला लागला. मला वाटलं, झालं, आता ती बोलणार नाही, आत्ता जे बोलली तेच शेवटचं. व्यापाऱ्याचा माणूस काठी घेऊन उठला, म्हणाला, मावशी बाजूला व्हा, उशीर होतोय, आम्ही घेतो भरून.

“काठी खाली ठेव,” आई म्हणाली. “कुणी हात लावायचा न्हाई.” त्यानं ठेवली. तिच्या आवाजात रागाचा मागमूस नव्हता, म्हणूनच ठेवली असेल. मग ती रॅम्पवर चढली. एक हात गुडघ्यावर, एका काखेत पेंडी, मधे थांबून, श्वास घेऊन. मी पुढं झालो तर तिनं हातानंच नको म्हटलं. आत गेली आणि पार टोकाला, केबिनच्या पत्र्याला पाठ लावून उभी राहिली. बाहेर एवढं ऊन की आतलं फक्त तिचं पांढरं डोकं दिसत होतं. तिनं रेड्यांना हाक मारली नाही. नुसती उभी राहिली. आम्हीही उभे. हळूहळू भिंतीकडचे एकदोन रेडे वळले आणि ट्रकच्या त्या अंधाराकडं बघायला लागले.

“बुद्धा,” ती आतून म्हणाली.

“काय, आई?”

“ये रं ये,” ती म्हणाली. “ये रं माज्या लेका, ये.”

मला. त्या सगळ्यांच्या देखत, मला. सयाजी, भिवा, काठी खाली ठेवलेली माणसं, कोणी हसलं नाही. माझे पाय हलेनात. ती मला माफ करून बोलावतेय की आणखी कशासाठी, हे तिच्या आवाजावरून कळायला मार्ग नव्हता. माया तीच होती, ती तर नेहमी तीच असते. गेलो नाही तर ती मला परत कधी हाक मारणार नाही, एवढं मात्र पक्कं कळत होतं. आणि गेलो तर काय, ते कळत नव्हतं. भीती वाटली मला, सरळ सांगतो. माझ्या आईची भीती वाटली. मी कवळी खिशात टाकली आणि रॅम्पवर पाय ठेवला. हा रॅम्प मीच आखलेला, त्याचा चढ मीच ठरवलेला, पण त्यावरून चाललो कधीच नव्हतो. पत्रा पायाखाली पोकळ वाजतो. वर जाल तसा उजेड मागं पडतो आणि पुढून जुन्या शेणाचा, मुताचा, फिनेलचा वास येतो, आणि त्या वासात दुसरं काहीतरी असतं, ते भीतीचं असावं, आधीच्यांच्या. मी आत गेलो. आई पेंडी पुढं धरून उभी होती. मी तिच्यापर्यंत पोचलो आणि तेव्हा मागं रॅम्पवर एक खूर वाजला. मग दुसरा.

“मागं बघू नको,” आई म्हणाली. “बघितलंस तर थांबतील.”

मी बघितलं नाही. ते येत होते, घाई न करता, एकापाठोपाठ एक, आणि ट्रक प्रत्येकागणिक थोडा थोडा खाली दबत होता. माझ्या मानेवर गरम श्वास आला, शर्ट पाठीला ओला झाला. ते माझ्यामागून आले होते. काठीनं नाही, डब्यातल्या आवाजानं नाही. एक माणूस तिच्या हाकेला गेला आणि त्याला काही झालं नाही, हे बघून आले होते. आईचा हात माझ्या खांद्यावरून पुढं गेला. मला वाटलं, माझ्या डोक्यावर ठेवतेय. तो माझ्या मागच्याच्या कपाळावर गेला.

“आई, माझं चुकलं,” मी म्हणालो.

“व्हय,” आई म्हणाली.

भिवानं दावी बांधली, उतरला आणि मागचा फाळका लावला. आत अंधार झाला, फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या तेवढ्या. ड्रायव्हरनं केबिनमागचं दार उघडलं. “मावशी, या इकडून. निघायचंय.”

“न्हाई उतरत,” आई म्हणाली. “आमी दोघं येतो संगं. पोचवून येतो.”

खालून सयाजीचा आवाज आला, घाबरलेला. “आईसाब, आसं करू नका. रस्त्यात पोरं गाड्या आडवत्यात. आधी मारत्यात, मग रेडा हाय का गाय त्ये बघत्यात.”

“आडवू दे,” आई म्हणाली. “ह्यो हाय की. इचारलं तर ह्यो सांगंल, काय भरलंय, कुठनं आणलंय, कशाला चाललंय. खरं खरं सांगंल.” आणि अंधारात पहिल्यांदा तिनं सरळ माझ्याकडं बघितलं.

मी हो म्हणालो की नाही मला आठवत नाही. ट्रक सुरू झाला. पहिल्याच धक्क्याला सगळ्यांचा भार माझ्यावर आला, धरायला काही नव्हतं, मी त्यांच्याच पाठी धरल्या. आईनं पेंडीतला मका माझ्या हातात दिला. मी तो पुढं केला, आणि सगळ्यात जवळच्यानं माझा हात एकदा हुंगून खायला सुरुवात केली.